तिकीट नंबर दोनशे चौदा

आमच्या ह्यांना नापास करणारं पुस्तक मीच टाइप केलेलं आहे. आधीच सांगून टाकते, म्हणजे मागाहून कोणी नाक मुरडायला नको.

मी वनोद्यानाच्या ऑफिसात टायपिस्ट. हे त्याच जंगलात चौतीस वर्षं वाटाड्या. जंगल एवढं अफाट की त्याचा नकाशा भिंतीवर लावायला दोन कपाटं हलवावी लागली. वाटाड्यांसाठीची माहितीपुस्तिका आधीच्या साहेबांनी लिहिली ती विश्रामगृहाच्या व्हरांड्यात बसून. त्यांचे गुडघे दुखायचे, त्यामुळे पहिल्या पुलापलीकडे ते कधी गेलेच नाहीत. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते मी डोळ्यांनी पाहिलंय, फक्त उंटाच्या जागी वेताची खुर्ची होती. ते सांगायचे, मी टाइप करायची. ‘तिसऱ्या पुलानंतर डावीकडे वळताच नितळ तळे लागते.’ आता डावीकडे तर दलदल आहे. मी तसं म्हटलंही. साहेब म्हणाले, “असू द्या हो बाई, वाक्य छान झालंय.”

मग ते बदलून गेले आणि नवे साहेब आले. हे साहेब उत्साही. त्यांनी पहिल्याच आठवड्यात पर्यटकांच्या तक्रारींची वही वाचून काढली. पक्षी पहाटे फार लवकर ओरडतात. अस्वल दिसेल म्हणून सांगितलं होतं, दिसलं नाही. झऱ्याचं पाणी गार आहे. एरवी कोणी हसून वही मिटली असती. साहेबांनी मीटिंग घेतली. निष्कर्ष असा निघाला की वाटाडे अप्रशिक्षित आहेत, म्हणून सगळ्यांची लेखी परीक्षा. पास होईल त्याला परवाना. नापास होईल त्याला फाटकाच्या आत पाय ठेवता येणार नाही. अगदीच जायचं असेल तर पर्यटकासारखं तिकीट काढायचं आणि परवानाधारक वाटाड्याबरोबर जायचं.

आठ दिवस मी ह्यांच्यापुढे पुस्तिका धरून बसले. “डावीकडे तळं लिहा,” मी म्हणायची.

“डावीकडे दलदल आहे.”

“जंगलात असेल. पेपरात तळं आहे.”

“मी चौतीस वर्षं लोकांना त्या दलदलीपासून लांब ठेवलं, आणि आता हाताने लिहून देऊ की या, इकडे तळं आहे?”

माणूस तोंडाने गरीब, पण एकदा अडला की बैल परवडला. पन्नासपैकी अकरा मार्क मिळाले. ‘अस्वल समोर आल्यास काय कराल?’ ह्याचं पुस्तिकेतलं उत्तर होतं, ‘शांतपणे कार्यालयास दूरध्वनी करावा.’ ह्यांनी लिहिलं होतं, ‘तिथे रेंज नाही. हळूहळू मागे सरकून त्याला वाट द्यावी.’ शून्य. निकालपत्रावर ‘अनुत्तीर्ण’ हा शब्द मीच टाइप केला. माझी बोटं झडली असती तरी चाललं असतं.

पास झाले सोळा जण. त्यातल्या निम्म्यांनी झाडाखाली उभं राहून फोटो काढण्यापलीकडे जंगल पाहिलं नव्हतं. पहिला आला तो एका जिमचा शिक्षक. सगळे त्याला जिमवालाच म्हणतात. दंड भरपूर, पाठांतर त्याहून भरपूर.

हे घरी बसले. पहाटे चारला उठायचे, बूट घालायचे, मग आठवण आली की काढून ठेवायचे. एक दिवस स्वयंपाकघरातले सगळे डबे उंचीप्रमाणे लावले. दुसऱ्या दिवशी खिडकीकडे पाठ करून बसले, कारण खिडकीतून टेकडीवरची झाडं दिसतात. मी भाजी चिरत होते. मला रडू आलं, आणि कांदा नव्हता, दुधी होता. माणसाचा पगार गेला तर दुसरीकडून येतो. ह्यांचं ते जंगल म्हणजे जेवणखाण होतं.

शेवटी एका रविवारी मीच म्हटलं, “मानपान ठेवा बाजूला. तिकीट काढून जा.”

गेले बिचारे. रांगेत उभे राहिले, तिकीट काढलं आणि जिमवाल्याच्या बारा जणांच्या घोळक्यात शेवटी चालू लागले. रविवारी गर्दी असते म्हणून आमचं ऑफिस चालू असतं. मी खिडकीतून पाहिलं. जिमवाला पुस्तिका उघडून माझंच वाक्य मोठ्याने वाचत होता आणि हे नव्या नवरीसारखे खाली मान घालून ऐकत होते.

साडेचारला जिमवाला धापा टाकत ऑफिसात आला. गुडघ्यापर्यंत चिखल. म्हणजे डावीकडे वळला होता. “साहेब, बारा नेले होते, अकराच आहेत. तिकीट नंबर दोनशे चौदा. साठीचा पुरुष, सारखा मागेच राहायचा, चेहरा नीट पाहिला नाही. मी चिखलातून पाय काढेपर्यंत गायब.”

मी टाइप करत होते, माझे हात थांबले. मग मनात म्हटलं, हा माणूस त्या जंगलात हरवायचा तर मी आमच्या न्हाणीघरात हरवेन.

साहेबांचा चेहरा पांढराफटक पडला. “पेपरवाल्यांना कळलं तर माझी नोकरी जाईल. नाव काय त्यांचं?”

“तिकिटावर नाव लिहायची पद्धत नाही, साहेब,” मी म्हटलं. हे खरंच होतं.

सोळा परवानाधारकांना बोलावलं. कोणाची आई आजारी, कोणाची पाठ धरलेली. त्या दलदलीपलीकडे जायला एकही तयार नाही. खरं म्हणजे पुस्तिकाच तिथे संपते. साहेब खोलीत येरझारा घालू लागले. काखेत कळसा आणि गावाला वळसा, आणि मी आपली गप्प. तेवढ्यात ते माझ्यापुढे येऊन थांबले.

“बाई, तुमच्या मिस्टरांना बोलवा. त्यांना आतलं सगळं माहीत आहे म्हणतात.”

“त्यांना आत जायला बंदी आहे, साहेब. खाली तुमचीच सही आहे.”

“मग मी परवानगी देतो.”

“तोंडी परवानगी फाटकावर चालत नाही. तुमचाच नियम.”

“लेखी देतो. करा टाइप.”

खरं सांगायचं तर शब्द अगदी ओठांपर्यंत आला होता. मी बोलणारच होते. पण मला ते अकरा मार्क आठवले, आणि ते काढून ठेवलेले बूट. मी कागद चढवला.

“कधीपर्यंतची परवानगी लिहू?”

“आता तारखा कसल्या काढताय? तो पर्यटक सापडेपर्यंत!”

“तसंच लिहू?”

“अहो, तसंच लिहा.”

तसंच लिहिलं. ‘तिकीट क्रमांक २१४ वरील हरवलेला पर्यटक सापडेपर्यंत सदर इसमास वनोद्यानाच्या सर्व भागांत, कोणत्याही वेळी, विनापरवाना प्रवेश असावा.’ दोन प्रती, सही, शिक्का. घरी पोचले तर हे ओढ्याच्या बाजूने उतरून केव्हाच आलेले, मोरीत पाय धूत होते. मी पत्र पुढे धरलं. ह्यांनी दोनदा वाचलं. मग टॉवेल तोंडावर घेऊन बसले. हसत होते की काय, मी विचारलं नाही.

सात महिने झाले. हरवलेल्याची चौकशी करायला कोणी नातेवाईक आला नाही. येणार कुठून, बायको ऑफिसातच टाइप करत बसलेली. फाइल बंद करायची तर माणूस सापडला नाही असं वरती कळवावं लागेल, म्हणून साहेब ‘शोध चालू आहे’ एवढंच लिहितात. शोध खरंच चालू आहे. हे पहाटे डबा घेऊन निघतात, संध्याकाळी परत येतात. वाटेत चिखलात रुतलेले जिमवाल्याचे पर्यटक दिसले तर तेवढे बाहेर काढून देतात.

महिन्याच्या एक तारखेला साहेब ह्यांना आत बोलावतात, दार लावून घेतात आणि हळूच विचारतात, “काही पत्ता लागला का हो त्याचा?”

“साहेब,” हे म्हणतात, “पावलं रोज ताजी दिसतात. माणूस मजेत आहे.”