उजवा कान

बावीस वर्षं माझ्या नवऱ्याच्या उजव्या कानात दुसरीच बाई बोलत होती, आणि घरात आणि स्टुडिओत सगळ्यांना ठाऊक असूनही कोणाला त्यात काही वावगं वाटलं नाही.

हे टीव्हीवर प्रश्नोत्तरांचा खेळ चालवायचे. समोर स्पर्धक, मागे टाळ्या आणि कानात, कानाचाच साचा घेऊन बनवलेली, शेंगदाण्याएवढी गुंडी. स्टुडिओच्या तळघरातल्या खोलीत बसून ती बाई त्यातून सांगायची, याला दोन मुली आहेत, हिचे वडील नुकतेच गेलेत, आता हसा, आता आवरा. मी तिला कानवाली म्हणायचे. "आज काय म्हणाली तुमची कानवाली?" यांना ते आवडायचं नाही. म्हणून तर म्हणायचे.

घरी तो कान सुट्टीवर. उजवीकडून काही बोललं की नुसतं "हं". शेवटी जेवणाच्या टेबलावरची माझी खुर्ची मी उचलून यांच्या डावीकडे नेली. नणंद म्हणाली, "काय गं वहिनी, पक्ष बदललास?"

"उजवी बाजू भाड्याने दिलीये," मी म्हटलं.

लोक म्हणायचे, केवढा मायाळू माणूस, स्पर्धकाच्या कुत्र्याचं नावसुद्धा लक्षात ठेवतो! माझा वाढदिवस मात्र दरवर्षी विसरायचे. एका वर्षी फुलं आली. मी अशी हरखले! संध्याकाळी यांच्याच तोंडून निसटलं की आठवण कानवालीने करून दिली होती. ती फुलं आठवडाभर बाथरूममधल्या बादलीत राहिली.

शेवटच्या आजारपणात यांची वाचा गेली. हॉस्पिटलात त्या दुपारी मी पलंगाच्या उजव्या अंगाला बसले होते, डावीकडे सलाईनचा स्टँड होता म्हणून. गॅलरीतला नळ गळतोय, असं काहीसं मी सांगत होते. यांनी कसाबसा हात उचलला आणि उजव्या कानाची पाळी ओढली. एकदा, दोनदा, तीनदा.

ही त्यांची कानवालीशी बोलायची खूण. टीव्हीवर मी हजारदा पाहिलेली. माझ्या डोक्यात तिडीकच गेली. जातानाही यांना तीच हवी!

"ती नाहीये इथे," मी म्हटलं. "मी आहे. आता माझं ऐका."

आणि जी सुटले! पलंगावर टाकलेले ओले टॉवेल, अर्धवट ऐकलेली माझी वाक्यं, बादलीतली फुलं. बावीस वर्षांचं सगळं बाहेर काढलं. नर्स दोनदा डोकावून गेली. तासाभराने मी फिरून नळावर आले होते, तेव्हा तिने माझ्या खांद्यावर हात ठेवला. हे गेले होते.

पुढच्या आठवड्यात कानवाली घरी आली. जाड भिंगांचा चष्मा, झिजलेल्या चपला, सर्दी. हिच्यावर मी एवढं जळत होते! तिने ती गुंडी एका डबीत घालून आणली होती. डबी माझ्यापुढे सरकवताना तिची बोटं मात्र झाकणावर जरा जास्तच रेंगाळली. ते माझ्या नजरेतून सुटलं नाही.

चहा ठेवून मी विचारलंच. "पाळी एकदा ओढली, तर काय?"

"ऐकू आलं नाही, परत सांग."

"दोनदा?"

"कळलं, आता गप्प बस."

"आणि तीनदा?"

ती दचकली. "तीनदा फक्त पहिल्या भागाच्या वेळी. पाय लटपटत होते त्यांचे. तीनदा म्हणजे, काहीही बोल, पण थांबू नकोस. त्यानंतर कधीच नाही ओढली." मग माझ्याकडे रोखून बघत म्हणाली, "तुम्हाला कसं माहीत?"

"त्या दुपारी ओढली."

"तेव्हा जवळ कोण होतं?"

"मी."

चष्म्याआडचे तिचे डोळे मला ओळखीचे वाटले. तसे मी बावीस वर्षं आरशात पाहिले होते.

"काय बोललात त्यांच्याशी, वहिनी?" तिने अगदी हळू विचारलं.

नळ गळतोय, एवढं तरी तिला सांगायला काय हरकत होती? मी चहा गाळला.

"साखर किती घालू?" मी विचारलं.