वरकुट्याची अकरा बीजं

"सासूला एवढं जपलं असतं, तर तिनं मला पाटल्या केल्या असत्या!" माझ्या ट्रेमध्ये पाणी ओतता ओतता दिपालीताई पुटपुटली. रोज सकाळी ती हेच म्हणायची. मग आकडा बघायची, सदतीस अंश दिसले की पदरानं कपाळ टिपायची आणि माझं दार असं लावायची, जणू आत कुणाचा तरी नुकताच डोळा लागलाय.

मित्रांनो, मी एक जुनी ऊबपेटी आहे. दवाखान्यात मला इनक्युबेटर म्हणतात. बारामतीतल्या एका दवाखान्याच्या अगदी मागच्या, बिनखिडकीच्या खोलीत माझं आयुष्य गेलं. माझा जन्म लांबच्या देशातला. तिथलं काही आठवत नाही; पत्रा ठोकल्याचा आवाज तेवढा कानात राहिलाय. शहाण्णव साली लाकडी खोक्यात बसून मी जहाजानं आले आणि पुढं ट्रकनं. ट्रकवाला बारामतीचा फाटा चुकला नि थेट भिगवणला पोचला. तिथं मासे खायला उतरला, तेव्हा हॉटेलवाल्यानं खोक्यावर थाप मारून विचारलं, "काय हाय यात?"

"अंडी उबवायची मशीन."

"आरं वा! एका टायमाला पिल्ली किती निगत्यात?"

ट्रकवाला म्हणाला, हजार तरी. मित्रांनो, मी आतल्या आत शरमले. कारण माझं काम फार थोडक्याचं होतं.

ते काम असं. काही घरांत मूल हवं असतं आणि काही केल्या होत नाही. अशा वेळी डॉक्टरीणबाई आईकडची बीजं काढून आणतात, बापाकडची बीजं येतात, आणि दिपालीताई ती दोन्ही काचेच्या बशीतल्या एका थेंबात एकत्र ठेवते. डोळ्यांना ती दिसतसुद्धा नाहीत, सूक्ष्मदर्शकातून बघावी लागतात. ती बशी मग माझ्याकडं येते. आईच्या पोटात असते तेवढी ऊब, तेवढी ओल आणि तेवढाच अंधार मी राखायचा. बीज जुळलं, की एकाचे दोन होतात, दोनाचे चार. तिसऱ्या दिवशी तो इवलासा गर्भ आईच्या पोटात ठेवायला घेऊन जातात, आणि मी पुन्हा रिकामी.

या खोलीत गजरा चालत नाही, पावडर चालत नाही, उदबत्ती तर नाहीच. वास गर्भाला सोसत नाही. दिपालीताईला मोगऱ्याचा भारी सोस, पण नोकरी लागल्यापासून तिच्या केसांत कुणी फूल बघितलं नाही. ती एकटी यायची, एकटी काम करायची. पेढे आले, की पुढच्या दालनात डॉक्टरीणबाईंच्या टेबलावर उघडायचे. मागच्या खोलीपर्यंत खाण्याची वस्तू आणायलाच बंदी होती.

एकदा मात्र भिगवणच्या फुलाबाई हटून बसल्या. "माजी छकुली दोन दिस जितं राह्यली, ती जागा मला बगायचीच." आत येता येत नव्हतं. शेवटी त्यांनी बशा देण्याघेण्याच्या छोट्या काचेपाशी मुलीला उंच धरलं. "ती बग, तुजी दुसरी आई!" छकुलीनं छताच्या पंख्याकडं बघून काहीतरी बोबडी बडबड केली. दीड वर्षाच्या पोराला पेटीत काय बघायचं? तरी मला पुढं कितीतरी दिवस ती बोबडी बडबड आठवायची. माझ्याकडून गेलेल्यांपैकी मी पाहिलेली ती एकच.

अठ्ठ्याण्णव साली वरकुटे गावाहून मल्हार आणि बानू आले. घराणं धनगराचं, आता उसाची शेती, पण मल्हारच्या बापानं, म्हस्कूआबानं, उभं आयुष्य मेंढरांमागं काढलेलं. लग्नाला सहा वर्षं झाली होती. काचेच्या पलीकडच्या लहान खोलीत बसून सासू, भामाबाई, सगळ्या दवाखान्याला ऐकू जाईल असं बोलायची. "खंडोबाचं झालं, बिरोबाचं झालं, आता ह्यो मशीनचा देव ऱ्हायला व्हता. हिच्या नशिबानं त्यो तरी पावतोय का बगू." बानू पदराच्या टोकाला गाठ मारायची आणि सोडायची.

बानूची अकरा बीजं निघाली. अकरा! दिपालीताईनं दोनदा मोजली. गोल, स्वच्छ, सकाळच्या दवासारखी. पण मल्हारकडचं सूक्ष्मदर्शकाखाली घेतलं आणि ती कितीतरी वेळ वाकूनच राहिली. इकडं दोन, तिकडं तीन, तीही थकल्यासारखी जागच्या जागी हलणारी. तिनं जाऊन डॉक्टरीणबाईंना सांगितलं. त्यांनी मल्हारला एकट्याला काचेपलीकडं बोलावलं.

"मल्हारराव, तुमच्याकडची बीजं फार कमी आहेत. हा काही गुन्हा नाही. पण घरच्यांना सांगायला हवं."

"न्हाय म्याडम. पाया पडतो तुमच्या. गावात त्वांड दाखवाया जागा ऱ्हायाची न्हाय. एकडाव करून तर बगा."

करून बघितलं. जेवढी होती तेवढी त्या थेंबांत सोडली आणि अकरा बीजं माझ्या स्वाधीन झाली. मित्रांनो, त्या रात्री मी जेवढं जपलं, तेवढं कधी कुणाला जपलं नसेल. मध्येच लाईट गेली, पण जनरेटर लगेच लागला. माझा आकडा सदतीसवरून तसूभर हलला नाही. सकाळी दिपालीताईनं बशी काढली. अकराही जशीच्या तशी. प्रत्येक आपल्या थेंबात एकटं, कुणाची तरी वाट बघत बसलेलं.

बाहेर भामाबाईनं डॉक्टरीणबाईंना घेरलं. "का न्हाय झालं? सांगा की!" मल्हार हात जोडून त्यांच्याकडं बघत होता. बाईंनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. मग म्हणाल्या, "लाईट गेली होती हो. पेटीचं काहीतरी कमी-जास्त झालं असणार."

मी बोलू शकत नाही. बोलता येत असतं, तर तेव्हा बोलले असते.

भामाबाईला पेटी पटली नाही. "पेटीनं दुसऱ्यांची जगवली, हिचीच बरी मारली?" असं म्हणत ती सुनेला घेऊन गेली. पण बाकीच्यांना पेटी पटली. एसटीतून, बाजारातून बोभाटा झाला, की बारामतीच्या त्या पेटीत बीजं मरतात. लोक पुण्याला जायला लागले. दोन महिन्यांत दवाखान्यात नवी पेटी आली आणि मला कोपऱ्यात सरकवून वर चादर टाकली. माझी तार काढून घेतली तेव्हा ऊब हळूहळू गेली. आधी दाराची काच गार पडली, मग तळ. दिपालीताईनं जाताना चादरीवरून हात फिरवला. ती तरी काय करणार? तिलाही गप्प राहायला सांगितलं होतं.

माझ्यासारख्या कहाण्यांच्या शेवटी काहीतरी मागायचं असतं. मी ते आधीच मागून घेते, कारण शेवटी मला मध्ये बोलायचं नाही. वस्तूंची धूळ पुसावी, त्यांना जपावं, हे तुम्हाला गुरुजी सांगतीलच. माझं मागणं वेगळं आहे. आपल्यात काही उणं निघालं, तर ते जवळच्या गप्प बसणाऱ्यावर ढकलू नका. मी पत्र्याची आहे, मला चादरीखाली ठेवलं तरी निभतं. बानू तेवीस वर्षांची होती.

पुढच्या उन्हाळ्यात ती तिघं परत आली. डॉक्टरीणबाई पुण्याला गेल्या होत्या. काचेपलीकडच्या खोलीत दिपालीताई एकटीच त्यांच्या समोर बसली. या वेळी म्हस्कूआबाही होते; विरलेल्या चादरीतून मला आकृत्या तेवढ्या दिसत होत्या. खांद्यावर घोंगडी, हातात काठी.

भामाबाईनं सुरुवात केली. "लिवून द्या बाई, की हिला मूल व्हणार न्हाय. काटेवाडीची पोरगी बगितलीया मल्हारला. त्यांची माणसं म्हंत्यात, डाक्टरची चिठ्ठी दावा, मंग फुडचं बोलू. हिला आमी भिगवणला माह्येरी पोचवतो."

बानू भिंतीला टेकून उभी होती. तिच्या पायाशी कपड्यांची पिशवी होती. दवाखान्यातून परस्पर एसटी धरायची, असं घरातूनच ठरवून आणलेलं.

"असं मला लिहिता येत नाही, मावशी," दिपालीताई म्हणाली.

"का येत न्हाय? तुमीच व्हता की तवा!"

म्हस्कूआबांनी काठी आपटली. "भामे, जरा दम खा. पोरी, मला येक सांग. सूनबाईची बीजं किती निगाली व्हती?"

दिपालीताईनं बानूकडं बघितलं. बानूनं मान हलवली, सांग म्हणून.

"अकरा, आबा."

"आन कशी व्हती? खरं सांग."

"चांगली होती. एकदम चांगली."

"मंग पेटी खराब व्हती म्हन की."

दिपालीताई उठली. दार उघडून आत आली आणि माझ्यावरची चादर तिनं ओढून काढली. काचेतून मला पहिल्यांदाच म्हस्कूआबांचा चेहरा दिसला. सुरकुतलेला, उन्हानं काळवंडलेला, डोळे मात्र लांबवर बघायची सवय असलेले.

"पेटी खराब नव्हती," ती म्हणाली. "ह्याच्या पलीकडं मला काही सांगता येणार नाही, आबा. मला परवानगी नाही."

आबांनी काठीच्या मुठीवर हनुवटी टेकवली.

"पन्नास वर्सं मेंढरं राखली म्या," ते सावकाश म्हणाले. "कळपात मेंढ्या गाभण गेल्या न्हाईत, तर आमी मेंढ्या हाकलून देत न्हाय. आदी नर बगतो."

"आवो, काय बोलताय!" भामाबाई कडाडली. "माझ्या ल्योकाला जनावरात काडताय व्हय? सुनंसमोर?"

"म्या कळपाचं बोललो." आबा मल्हारकडं बघतसुद्धा नव्हते. "घराचं घरातल्यानं बोलावं."

भामाबाईनं बानूचा दंड धरला. "चल. एस्टी चुकंल." बानू पिशवी उचलायला वाकली. पिशवीचा एक बंद मल्हारनं आधीच धरला होता. तिनं ओढला. त्यानं सोडला नाही.

"सोडा," बानू म्हणाली.

"आयं," मल्हार म्हणाला. त्याचा आवाज इतका बारीक होता, की भामाबाईला वाकून ऐकावं लागलं. "बानूत कायबी दोष न्हाय. माझ्यात हाय. हितं यायच्या आदी पुण्याला तपासलं तवाच कळलं व्हतं. तीन वर्सं झाली."