एर्विनची दाढी

अंगठ्याच्या नखावर टेकवलेलं पातं वाकलं नाही. वाकणारही नव्हतं – ते अजून कच्चंच होतं, घडवलेलं, पाणी दिलेलं, पण चाकाला न लागलेलं, पाठीपासून धारेपर्यंत जाड, काळपट आणि थंडगार; तरी एवाल्डने ते सवयीनं दाबून पाहिलं, खिडकीच्या उजेडात धरलं, पुन्हा दाबलं. बाहेर वुप्पर नदी नोव्हेंबरचं गढूळ पाणी घेऊन चालली होती, आत पट्टा फिरत होता, सहाणेच्या चाकावर पाणी ठिबकत होतं... सगळं आपापल्या जागी चालू होतं आणि हात तेवढा पुढे जात नव्हता. पन्नास वर्षं वस्तरे घासल्यावर, सदुसष्टाव्या वर्षी, हे काय भलतंच?

पूर्ण पोकळ, अर्धं पोकळ, की भरीव – प्रश्न अगदी नवशिक्याचा होता. दाढी दाट आणि राठ असेल तर पातं अंगानं भरलेलं हवं, नाहीतर ते खुंटांवर थरथरतं आणि कातडी ओरबाडतं. दाढी मऊ असेल तर दोन्ही बाजूंनी पोट खोल कोरायचं, धारेपाशी कागदाएवढं पातळ उरेल इतकं, म्हणजे कापलेल्या एकेका केसाची बातमी हाताला कळते. मधल्यांना मधलं. हे ठरवायला एवाल्डला कधी अर्धं मिनिटही लागलं नव्हतं. माणसाला खिडकीशी उभं करायचं, बोटांची मागची बाजू – पुढची नव्हे, पुढची कातडी दगडानं केव्हाच मारून टाकलेली – कानापासून हनुवटीपर्यंत एकदा उतरती आणि एकदा चढती फिरवायची, आणि सांगून टाकायचं: अर्धं. पाद्रीबाबा, वकील, ट्रामचे चालक, गायनमंडळातले सगळे जाड्या आवाजाचे... अर्ध्या झोलिंगन गावाचे गाल या बोटांना पाठ होते. एर्विनचा नव्हता.

सुनेचं पत्र कोटाच्या आतल्या खिशात होतं. इल्झेला, म्हणजे एर्विनच्या बायकोला, एवाल्ड आयुष्यात दोनदा भेटला होता, आणि दोन्ही वेळा तिनं त्याला कॉफी आणखी हवी का एवढंच विचारलं होतं. आता एकदम दोन पानं. पुढच्या रविवारी एर्विन तीस वर्षांचा होतो, बाबा. तो विजेच्या यंत्रानं दाढी करतो आणि रोज संध्याकाळी मानेवर डाव्या बाजूला, जबड्याखाली लाल चट्टे येतात. तुमच्या हातचा वस्तरा त्याला भेट द्यावा असं माझ्या मनात आहे. त्याला यातलं काही ठाऊक नाही, तुम्हीही कळवू नका. – तेरा वर्षांत त्या घरातून त्याच्याकडे मागितलेली ही पहिली वस्तू. मागितली सुनेनं, पण मागितली. आज शनिवार, आज घासून झालं, तर मंगळवारी मूठ बसवणाऱ्याकडे (सोमवारी या गावात कुठला कारागीर बोट हलवतोय?), गुरुवारी टपालात, शनिवारी ब्रेमेन. आणि पेटीत जुन्या, चांगल्या पोलादाचं पातं उरलं होतं ते हे एकच.

"काय रे, मुहूर्त बघतोयस का?" पलीकडच्या चाकावरून युप ओरडला. आठ चाकांच्या या चाकघरात आता माणसं दोन. युप हल्ली स्वयंपाकघरातल्या सुऱ्या घासायचा आणि त्याचा राग दिवसभर एवाल्डवर काढायचा.

"दाढी माहीत नाही."

"कुणाची?"

"एर्विनची."

युपनं सुरी चाकावरून उचलली. "पोटच्या पोराची दाढी माहीत–" म्हणाला, आणि थांबला, कारण त्यालाही सगळं माहीत होतं. मग जरा हळू आवाजात, "तुझ्यासारखीच असणार रे. माझ्या थोरल्याची बघ, माझ्यावर गेलीय. नुसती काटेरी तार."

"त्याच्या आजोबांची, हेडविगच्या वडिलांची, मऊ होती. लोकरीसारखी."

"मग कर की पूर्ण पोकळ! अरे, तुझं पोकळ पातं वाजलेलं ऐकून वर्षं झाली. या कांदे चिरायच्या सुऱ्यांनी कान मेलेत माझे."

वाजलेलं... हो, ते वाजलं होतं. सगळ्यांत सुंदर एकदाच, अठ्ठेचाळीस साली. पोर चौदाव्या वर्षी चाकावर बसायला आलं की पहिला वस्तरा बापानं स्वतःच्या हातानं घासून द्यायचा, हा इथला रिवाज. दाढी उगवायची असते अजून, पण वस्तरा तयार पाहिजे. एवाल्डने तीन दिवस दुसरं काम घेतलं नाही. चांगला जाणता कारागीर अशा पोरासाठी मधलं पातं घासतो, पुढे काय उगवेल ते पाहू म्हणतो; एवाल्डने पूर्ण पोकळ घासलं, त्याच्याही पलीकडे नेलं, नखावर दाबलं की उजेडाची बारीक लाट धारेवरून या टोकापासून त्या टोकापर्यंत पळायची. आणि मग त्याने अंगठ्यानं धार हलकेच छेडली तेव्हा आठही चाकं थांबली होती, पाणीसुद्धा कुणीतरी बंद केलं होतं, आणि तो बारीक, उंच, लांबत जाणारा सूर... "गातंय! एवाल्डचं पातं गातंय!" सगळ्यांनी त्याच्या पाठीवर थापा मारल्या. एर्विन कुठे होता तेव्हा? मागे, पोरांच्या बाकावर. तिथून त्याला बापाची पाठ दिसत असणार. पुढची तीन वर्षंही तो तिथंच बसला, आणि त्याला तीच दिसली असणार.

सतराव्या वर्षी तो एका सोमवारी ब्रेमेनला गेला, बंदरातल्या कचेरीत. भांडण झालं नाही. झालं असतं तर बरं झालं असतं, असं एवाल्डला पुढे पुष्कळदा वाटलं. वस्तरा आरशाखालच्या फळीवर तसाच होता, एकदाही न उघडलेला. हेडविगनं तो चमच्यांच्या खणात ठेवून दिला आणि त्याबद्दल ती कधी बोलली नाही.

त्यानंतर तो आला मोजून पाचसहा वेळा, आणि शेवटचा आला हेडविगला पुरायला. रात्रीच्या गाडीनं आलेला, दाढी न केलेला. प्रार्थनाघराच्या आवारात दोघं समोरासमोर उभे राहिले, तो एव्हाना एवाल्डपेक्षा उंच, काळ्या कोटात, डोळे आईचे – आणि एवाल्डचा हात आपोआप वर गेला, बोटं उलटी, कानापाशी... एर्विननं मान मागे घेतली. "बाबा, मी गिऱ्हाईक नाही." हळूच म्हणाला, कुणाला ऐकू गेलं नाही. मग सगळ्यांनी कॉफी घेतली, चेरी घातलेला केक खाल्ला, आणि तो चारच्या गाडीनं परत गेला.

माप घेत नव्हतो मी. चार वर्षं हे सांगायचं राहिलंय, पण सांगणार कुणाला? माप घेत नव्हतो... की घेत होतो? खरं म्हणजे मला कुणाला दुसऱ्या रीतीनं हात लावताच येत नाही. हेडविगच्या गालावरूनही मी बोटं अशीच फिरवायचो, उलटी, आणि ती हसायची, म्हणायची, सांगा, कुठलं पातं? तिला ते चालायचं. तिला सगळंच चालायचं आणि त्यामुळे मला वाटलं, सगळ्यांनाच चालतं.

डाव्या बाजूला, जबड्याखाली. एवाल्डने स्वतःच्या मानेवर बोट नेलं. तिथं, नेमकं तिथंच, त्याचे केस उलटे फिरले होते, भोवराच होता एक लहानसा, पन्नास वर्षं रोज सकाळी त्याला त्रास देणारा. म्हणजे माझीच! त्याला एकदम इतका आनंद झाला की तो बाकावरून अर्धा उठला. माझ्यावरच गेलीय त्याची दाढी, भोवऱ्यासकट, आणि माझ्या गालाला काय चालतं ते मला नाही कळणार तर कुणाला? त्याने पातं लाकडी पकडीत बसवलं आणि चाकाला लावलं.

हात काहीच विसरले नव्हते. पोलाद कुरकुरलं, मग मऊ पडलं, पिवळा चिखल बोटांवरून मनगटावर आणि मनगटावरून बाहीत उतरू लागला, डावं पोट, उजवं पोट, पुन्हा डावं, आणि काळपट कातडीखालून तो करडा, ओला उजेड वर येऊ लागला. किती वर्षांनी! भरीव मागे पडलं. पाव पोकळ झालं. अर्धं झालं – माझ्या दाढीला अर्धंच लागतं, इथं थांबायचं – पण पोलाद इतकं चांगलं होतं, इतकं एकसारखं खाली येत होतं, की आणखी केसभर, आणखी एकदा डावं, एकदा उजवं... त्याने ते नखावर टेकवलं. धार किंचित हलली. लाट नव्हे, लाटेची सुरुवात.

युपचं चाक थांबलं होतं. तो मागे येऊन उभा राहिला होता, हातात काळा पाव, लोणी, सॉसेज आणि वर कच्चा कांदा, आणि तोंडातला घास चावायचा विसरला होता.

"थोडं आणखी," तो कुजबुजला. "थोडं आणखी घास आणि वाजव."

एवाल्डने पुन्हा पातं चाकाशी नेलं, आणि त्याला ती शांतता ऐकू आली. तीच होती, अठ्ठेचाळीसची, फक्त आठांच्या जागी एका माणसाची. पुन्हा सगळे कान पात्याकडे, आणि गाल कुठेच नाही. तुझ्या गालाला काय चालतं म्हणे, त्याने स्वतःलाच सुनावलं, तुझ्या! सुनेनं दोन ओळींत लाल चट्टे कळवले, त्यावरून तू अख्खं पोर ओळखलंस? यंत्रानं कुणाच्याही मानेवर चट्टे येतात. काढलेलं पोलाद परत घालता येत नाही, हे पोरांना पहिल्या दिवशी तोच शिकवायचा, एर्विनलाही त्यानंच शिकवलं होतं. त्याने पट्टा सोडला. चाक आणखी थोडं फिरलं आणि थांबलं.

"का रे? आत्ता कुठे मजा येत होती!"

"दाढी माहीत नाही."

"पुन्हा तेच! म्हातारा झालास तू." पण युपनं अर्धा पाव तोडून त्याच्यापुढे ठेवला, आणि मग बराच वेळ दोघं नदीकडे बघत खात राहिले. पातं एवाल्डच्या मांडीवर होतं. इथून ते अजून कुणाचंही होऊ शकत होतं, थोडंसं मऊ दाढीकडे झुकलेलं, पण अजून कुणाचंही.

घरी त्याने पातं तेलाच्या फडक्यात गुंडाळून चमच्यांच्या खणात ठेवलं, त्या न उघडलेल्या वस्तऱ्याशेजारी. मग हेडविगच्या खुर्चीत बसला. उजेड तिथं बरा असतो. एक पत्र इल्झेला लिहायला घेतलं, तिच्याकडूनच हळूच काढून घ्यावं म्हणून – झोपेत असताना त्याच्या गालाला हात लावून पाहा आणि कळव. हे वाचून तो स्वतःच इतका शरमला की कागद फाडून त्याने शेगडीत घातला. मग एक साधं कार्ड घेतलं आणि वर ब्रेमेनचा पत्ता लिहिला, पण नाव एर्विनचं. भेटीची गंमत गेली. सून रागावेल. रविवारही आता चुकणार.

एर्विन, तुझी दाढी कशी आहे?

लिहून झालं आणि तो त्या ओळीकडे बघत राहिला. वेड्यासारखी दिसत होती. खाली लिहिलं, गालावर आणि हनुवटीखाली वेगवेगळं कळव, केस कुठे उलटे फिरतात तेही. मग थोड्या वेळानं, अर्धं घासून ठेवलंय, तू सांगितल्याशिवाय पुढे घासणार नाही. आणखी काहीतरी लिहायला जागा होती, पण सुचलं नाही. एवढ्या आयुष्यात त्याने पोराला कमी का प्रश्न विचारले होते – चाकाला पाणी सोडलंस का, पट्टा ताणलास का, आईला सांगितलंस का – पण ज्याचं उत्तर आपल्याला ठाऊक नाही असा एकही नाही. हा पहिला.

एर्विनला मात्र माझी दाढी माहीत होती. सोमवारी चाकघर बंद असायचं, मी दाढी करायचो नाही, आणि तो चार वर्षांचा, याच स्वयंपाकघरात, मांडीवर चढून गाल घासायचा माझ्या गालावर, ओरडायचा "काटे! काटे!", उतरायचा आणि पुन्हा चढायचा. हात कुठे होते तेव्हा माझे? पातं नसायचं त्यांच्यात, एवढं नक्की.

टपालपेटी कोपऱ्यावरच होती. कार्ड आत पडल्याचा आवाज झाला आणि एवाल्डला भीती वाटली, सरळ, पोटातून आलेली – उत्तर येणार नाही याची, आणि आलंच तर कसं येईल याची. किती वर्षांत त्याला कशाचीच भीती वाटली नव्हती. घाबरावं असं कुणी उरलंच नव्हतं. तो पेटीपाशी उभा राहिला. येणारंजाणारं कुणी नव्हतं. सकाळपासून दुसऱ्याच्या दाढीच्या विचारात स्वतःची करायची राहून गेली होती, हे त्याच्या आता ध्यानात आलं, आणि त्याने हात वर नेला, बोटं उलटी न करता, पुढच्या मेलेल्या कातडीनंच, आणि ती नुसतीच गालावर ठेवली.