तबकडी थंड होताना

भट्टीच्या दारावरच्या तापमापकाची सुई खोलीच्या तापमानावर येऊन टेकली होती. इतकी नेमकी, की सुई आणि तिच्या खालची बारीक काळी रेघ यांच्यात डोळ्याला फट दिसत नव्हती. सून कार्यशाळेत आली की आधी त्या सुईकडे बघायची आणि मगच अॅप्रन घालायची.

आत काचेची तबकडी होती. दोन्ही हात पसरून जेमतेम कवेत येईल एवढी आणि वीतभर जाड. एका वेधशाळेच्या दुर्बिणीचा आरसा तिच्यातून घडायचा होता. भट्टी निवली होती, तरी दार उघडायला कोणी धजत नव्हतं.

काच बाहेरून लवकर थंड झाली आणि आतून गरम राहिली, तर तिच्यात ताण अडकून बसतो. तो दिसत नाही. एवढ्या जाड काचेत तो पारखायचं साधन या कार्यशाळेत नव्हतं. घासकाम सुरू होतं, कित्येक महिने सुरळीत चालतं आणि एखाद्या दिवशी तबकडी हाताखालीच दुभंगते. म्हणून भट्टी आठवडेच्या आठवडे हळूहळू थंड करतात. यंदा मध्येच वीज गेली, जनरेटरने ऐन वेळी पाठ फिरवली आणि एक अख्खी संध्याकाळ भट्टी एकटी पडली. त्या संध्याकाळी काचेची कड मध्यापेक्षा किती पुढे धावली, हे फक्त दोन सेन्सरना आणि त्यांना जोडलेल्या हातभर केबलच्या छोट्या संगणकाला ठाऊक होतं.

"नोंद बघितल्याशिवाय दार उघडायचं नाही," असं सासऱ्यांनी बजावलं होतं. त्यांना घरात आणि कामावर सगळेच बाबा म्हणत. इथून बाहेर पडलेला प्रत्येक मोठा आरसा त्यांच्या हातचा. पण वर्षभर त्यांच्या उजव्या हाताचा अंगठा थरथरत होता. ही तबकडी कोण घासणार, असं सुनेने ओतकामाच्या आधी विचारलं होतं. नंतर त्यांच्या मुलाने, म्हणजे तिच्या नवऱ्यानेही विचारलं. दोघांना मिळालेलं उत्तर एकच होतं, "बघू." कॉलेजातली प्रयोगशाळा सोडून आल्यापासून लहान भिंगं सूनच घासत होती. मोठ्या आरशाला मात्र तिचा हात कधी लागला नव्हता.

नवरा पेनड्राइव्ह घेऊन आला. "घ्या मॅडम, तुमचा डेटाबेस." तो घाबरलेला असला की तिला मॅडम म्हणत असे.

डेटाबेस म्हणजे मोठं काही प्रकरण नव्हतं. वेगळा सर्व्हर नाही, त्याची देखभाल करणारा माणूस नाही. सगळा संसार एका फाईलमध्ये. फाईल उघडायची, प्रश्न लिहायचा, ती उत्तर देते. तिने पहिला प्रश्न साधा विचारला, शेवटची नोंद कधीची?

उत्तर आलं, भट्टी थंड करायला घेतल्यानंतरच्या तिसऱ्या दिवसाची सकाळ. वीज तर त्यानंतर बऱ्याच दिवसांनी गेली होती.

"म्हणजे पुढचं लिहिलंच गेलं नाही?" नवऱ्याने विचारलं.

"थांब." तिने फाईलला स्वतःचीच तपासणी करायला लावली. सगळं ठीक असल्याचं उत्तर आलं. "फाईल धडधाकट आहे. फक्त अपुरी आहे."

"अशी माणसंही असतात," बाबा मुलाकडे न बघता म्हणाले. मग खुर्चीत मागे रेलले. "जाऊ दे. फोडून टाका. नवी ओतू. वर्ष जाईल, जाऊ दे."

हे बोलताना ओझं उतरावं तसे त्यांचे खांदे सैल पडले. सुनेला ते दिसलं आणि तिने नजर पुन्हा पडद्याकडे वळवली.

"भिंतीवरच्या स्क्रीनवर तापमान शेवटपर्यंत दिसत होतं ना?" तिने विचारलं.

"हो की. वीज गेली तेव्हाही. सगळं बॅटरीवर होतं."

"मग तो आकडा कुठून येत होता?"

नवऱ्याने मान वळवून भिंतीवरच्या स्क्रीनकडे पाहिलं.

"स्क्रीन कधी लावलास?"

"तिसऱ्या दिवशी. सकाळी." बोलता बोलता तोच थबकला. "आकडा बदलायचा, पण खालचा आलेख तिथेच अडकलेला. मला वाटलं, स्क्रीनच मठ्ठ आहे."

"आणि ही फाईल आणलीस कशी?"

"संगणकाची पिन काढली, त्यातलं मेमरी कार्ड घरी नेलं, कॉपी केली. तिथे तीन फायली होत्या. एक खरी, दोन फालतू. त्यातली एक तर केवढी फुगली होती! कार्ड भरत आलंय, आज पुसणारच होतो ती."

ती इतक्या झटकन उठली की स्टूल आडवं झालं. "कार्ड कुठाय?"

त्याने खिशातून काढून तिच्या तळहातावर ठेवलं. पुसलेलं नव्हतं.

कार्ड कुलूपबंद करून, म्हणजे त्यावर काही लिहिलं जाणार नाही अशी कळ सरकवून, तिने तिन्ही फायली एकत्र उतरवल्या. हात चालू असताना ती समजावत होती. या डेटाबेसची एक पद्धत आहे. नवी नोंद आधी सोबतच्या फाईलमध्ये जाते. सवड मिळाली की तिथून मुख्य फाईलमध्ये हलते. पण कोणी जुनं काही वाचत बसलं असेल, तर त्याच्या वाचनाला धक्का लागू नये म्हणून ती थांबते. नवऱ्याच्या आलेखाने तिसऱ्या दिवशी एक प्रश्न उघडला आणि तो कधी मिटवलाच नाही. भट्टी निवेपर्यंत सोबतची फाईल निमूटपणे सगळं स्वतःकडे ठेवत राहिली.

"आणि तू रीतसर बंद न करता पिन उपटलीस, म्हणून ती जशीच्या तशी राहिली."

"म्हणजे माझा आळस कामी आला?"

"एकदा. त्याची सवय करू नकोस."

तिने प्रत उघडली. क्षणभर काहीच घडलं नाही. मग कोणी न सांगता डेटाबेसने सोबतच्या फाईलची पानं पडताळली आणि एकेक जागच्या जागी नेऊन बसवली. शेवटची नोंद कधीची? या वेळी उत्तर आलं, नवऱ्याने पिन काढली त्या दुपारची.

बाबांनी खुर्ची पुढे ओढली.

आता खरा प्रश्न. कड आणि मध्य यांच्या तापमानातला फरक मर्यादेपलीकडे गेला अशा सगळ्या नोंदी दाखव. तिने तो लिहिला, दोनदा वाचला आणि बटण दाबलं.

उत्तर रिकामं. एकही ओळ नाही.

"झालं?" नवरा ओरडलाच.

"इतक्यात नाही." रिकामं उत्तर दोन कारणांनी येतं, हे तिला माहीत होतं. एक म्हणजे तसं काही घडलं नाही. दुसरं म्हणजे प्रश्नच चुकला. तिने मर्यादा खाली आणली आणि पुन्हा विचारलं. ओळी धडाधड आल्या. म्हणजे प्रश्न बरोबर होता. मग तिने वीज गेली ती संध्याकाळ मागवली, क्रमाने, पहिल्या मिनिटापासून.

दोन रकाने खाली उतरत गेले. कड, मध्य. कड, मध्य. बाहेर त्या संध्याकाळी तिघं जनरेटरला लाथा घालत होते, एकमेकांवर खेकसत होते. आत मात्र जाड विटांनी ऊब धरून ठेवली होती, आणि काच आपली ऊब जरा जरा सोडत होती. कडेने एक पाऊल टाकलं की मध्य तिच्यामागोमाग येत होता. दोघांमधलं अंतर केसाएवढंही वाढत नव्हतं. वीज असताना यंत्राने त्यांना इतकं एकसारखं चालवलं नव्हतं. सुनेने खाली सरकवायचं थांबवून पुन्हा वर नेलं. तिला ते आकडे पुन्हा बघायचे होते, काही तपासायचं म्हणून नव्हे.

"आपण कोणी नव्हतो तिथे," ती हळूच म्हणाली.

"बरंच झालं," बाबा म्हणाले. त्यांचे डोळे पडद्यावरून हलत नव्हते. "आपण असतो तर काहीतरी केलं असतं."

"केलं की कोणीतरी." तिने दुसऱ्या एका दुपारकडे बोट दाखवलं. कडेचा, दारालगतचा सेन्सर अचानक खाली, लगेच वर. मर्यादेच्या आत, पण अख्ख्या नोंदीतला सर्वांत मोठा फरक. "दारातल्या डोकावायच्या भोकातली वीट काढली होती."

नवऱ्याने दोन्ही हात वर केले. "मी नाही. शपथ."

दोघांनी बाबांकडे पाहिलं.

"काय बघताय?" ते खेकसले. मग आवाज खाली आला. "एकदाच. टॉर्च घेऊन. एवढा मोठा तुकडा आयुष्यात ओतला नव्हता. झोपेतसुद्धा तोच दिसायचा. वाटलं, आहे ना खरंच आत, एवढं तरी बघावं."

"आणि?"

"प्रकाश आरपार गेला. खालची वीट दिसली. तिच्यावरचे बोटाचे ठसेसुद्धा." ते थोडं हसले. "मध्ये काही आहे असं वाटेना."

नवऱ्याला हसू फुटलं. सुनेला मात्र हसू आलं नाही. तिने लॅपटॉप बाबांकडे वळवला. "तबकडी चांगली आहे, बाबा. फोडायला काही कारण उरलं नाही."

बाबांनी उजवा हात टेबलावर ठेवला. अंगठा थरथरत होता, आणि या वेळी त्यांनी तो दुसऱ्या हाताखाली झाकला नाही.

"दार उघडा," ते म्हणाले. मग सुनेकडे वळून, नीट ऐकू जाईल अशा आवाजात, "ही तू घासायचीस."