सोपा पेपर

गणिताच्या बाईंचा राग नाकावर असतो, हे शाळेत सगळ्यांना ठाऊक होतं. चढला की धडाधड बोलायच्या आणि तासाभरात विसरूनही जायच्या. पण त्या उन्हाळ्यात जो चढला, तो उतरायचं नावच घेईना.

सुट्टी लागली होती. बाईंची बॅग भरून दाराशी उभी होती, सकाळी त्या बहिणीकडे निघणार होत्या. तेवढ्यात मुख्याध्यापकांनी बोलावून घेतलं. सातवीत गणितात गटांगळ्या खाल्लेल्या मुलांसाठी सुट्टीत वर्ग चालवायचा होता. एका संस्थेनं त्यासाठी मदत देऊ केली होती.

"बाकीचे सगळे गावाला गेलेत का?" बाईंनी विचारलं.

"तुमच्यासारखं कुणाला जमतं?" सर म्हणाले. सरांची ही रीतच होती, आधी कौतुक करायचं आणि मग ओझं द्यायचं.

बाईंनी बहिणीला फोन केला. बहिणीनं चार शब्द सुनावले, ते बाईंनी मुकाट्यानं ऐकून घेतले आणि बॅग पलंगाखाली ढकलली.

वर्ग भरायच्या आधी मुलांची एक चाचणी झाली होती. ती ऑफिसनंच घेतली, ऑफिसनंच तपासली. बाईंच्या हातात नुसते गुण आले आणि ते बघून त्यांचं डोकंच फिरलं. एकही मूल पास नव्हतं. काहींना तर भोपळा.

"वर्षभर माशा मारत होतात का?" त्यांनी पहिल्याच दिवशी वर्गाला फैलावर घेतलं.

मागच्या बाकावरून एक मुलगी उठली. "बाई, त्या पेपरातलं आमच्या पुस्तकात काहीच नव्हतं."

"आपल्याला येत नसलं की पुस्तकातही नसतं," बाई म्हणाल्या. "बस खाली."

मुलगी बसली. तिला सगळे भुंगा म्हणत, कारण गणित सोडवताना ती तोंडातल्या तोंडात गुणगुणायची. तिची आई इस्पितळात कपडे धुण्याच्या खात्यात कामाला होती. रोज सकाळी मुलीला फाटकाशी सोडून तशीच धावत बस गाठायची.

मुलं किती कच्ची आहेत, हे बाईंना पहिल्या दोन-तीन दिवसांतच कळलं. चारापेक्षा आठ मोठा, म्हणून पावापेक्षा अष्टमांश मोठा, असं निम्मा वर्ग छातीठोकपणे सांगत होता. बाईंनी कागदाच्या पट्ट्या आणल्या, घड्या घालायला लावल्या, फाडायला लावल्या. वर्गभर कपटेच कपटे झाले. शिपाईकाका झाडताना पुटपुटायचे, ते बाई ऐकून न ऐकल्यासारखं करायच्या. मग त्यांना आणखी एक गोष्ट कळली, आणि तीही मुलांकडूनच. सातवीचे गणिताचे सर अर्ध्या वर्षातच नोकरी सोडून गेले होते. त्यांच्या जागी कुणी आलंच नव्हतं. गणिताच्या तासाला मुलांना मैदानात सोडत होते.

बाई वरच्या वर्गांना शिकवत. त्यांचा मजला वेगळा, त्यांचं वेळापत्रक वेगळं. आपल्याच शाळेत हे चाललं होतं आणि आपल्याला पत्ता नाही, याचा त्यांना स्वतःचाच संताप आला. "वर्षभर माशा मारत होतात का" हे आपलंच वाक्य आठवलं की त्यांच्या कानशिलांना चटका बसायचा.

त्या दिवसापासून त्या इरेला पेटल्या. वर्ग बाराला सुटायचा, तो दोन-दोन वाजेपर्यंत लांबू लागला. पंखा गरम हवा खाली ढकलत राहायचा, खडूची भुकटी घामावर चिकटायची, पण मुलं उठत नव्हती. कुणीतरी आपल्याला शिकवायला बसलंय, याचंच त्यांना अप्रूप होतं.

भुंगा एका जागी अडली. सहाला अर्ध्यानं भागायचं होतं. बाईंनी रीत सांगितली, अपूर्णांक उलटा करा आणि गुणा. बाकीच्यांनी उलटा केला, गुणला, बारा लिहिले आणि मोकळे झाले. भुंगानं पेन्सिल खाली ठेवली.

"भागलं की कमी होतं ना, बाई? मग सहाचे बारा कसे झाले?"

"रीत आहे ती."

"पण कसे झाले?"

बाईंच्या तोंडावर आलं होतं की फाटे फोडू नकोस. पण त्यांनी जीभ आवरली. "तूच शोध," त्या म्हणाल्या. "उद्या सांग."

उद्या झालं, परवाही झालं. भुंगा बाकीची गणितं सोडून त्यालाच चिकटून बसली होती. मग एका दुपारी तिनं सहा पट्ट्या बाकावर मांडल्या, प्रत्येक मधोमध फाडली आणि तुकड्यांकडे बघत राहिली.

"बाई, सहाला अर्ध्यानं भागायचं म्हणजे सहाचं अर्धं करायचं नाही," ती सावकाश म्हणाली. "सहामध्ये अर्धे किती बसतात, ते बघायचं."

बाईंनी तिला फळ्याकडे बोलावलं आणि हेच सगळ्या वर्गाला सांगायला लावलं. दोनदा सांगायला लावलं. त्या दुपारी त्या घरी गेल्या तेव्हा त्यांच्या नवऱ्यानं विचारलं, "आज कुणावर ओरडली नाहीस वाटतं?"

वर्ग संपत आला तसं सरांनी त्यांना पुन्हा खोलीत बोलावलं. चहा मागवला. शेवटच्या परीक्षेचा पेपर त्यांनी आधीच काढून ठेवला होता. बाईंनी तो वाचला. दोन आकडी बेरजा, वजाबाक्या, सातपर्यंतचे पाढे.

"सर, हा चौथीचा पेपर आहे."

"असू द्या की. संस्थेला प्रगती दाखवायची असते. पहिला पेपर आपण नववीचा दिला होता, आता हा दिला की आलेख कसा सरळ वर जातो बघा." सर चहा ढवळत होते. त्यांच्या आवाजात लपवाछपवी नव्हती. एखादी युक्ती साधल्याचा समाधानी सूर होता. "मुलं पास, पालक खूश, पुढच्या वर्षी पुन्हा मदत. कुणाचं काय बिघडलं?"

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "मी त्या पोरांना पहिल्या दिवशी खोटं पाडलं. ती खरं सांगत होती."

"तुम्ही फार मनाला लावून घेता."

"मी सातवीचा पेपर काढते."

"पेपर हाच जाईल," सर म्हणाले. "आणि सगळी मुलं आठवीत जातील, असं मी पालकांना सांगून बसलोय. उगाच घोळ घालू नका."

परीक्षेच्या दिवशी तोच पेपर वाटला गेला. मुलांनी तो वाचला आणि एकमेकांकडे बघितलं. कुणीतरी फिसकन हसलं. भुंगानं दहा मिनिटांत सगळा सोडवून पेन खाली ठेवलं. तिचा चेहरा लाल झाला होता.

"बाई, आम्ही एवढे ढ वाटतो का सगळ्यांना?"

 बाई खडू उचलून फळ्यावर एकामागून एक सातवीची गणितं लिहीत सुटल्या. अपूर्णांक, ऋण संख्या, शेकडेवारी. हात इतक्या जोरात चालत होता की खडू दोनदा मोडला.

"मागच्या कोऱ्या पानावर ही सोडवा," त्या म्हणाल्या. "खरी परीक्षा ही आहे. वेळ लागला तरी चालेल."

मुलं मान खाली घालून बसली ती दुपार कलेपर्यंत. बाईंनी पेपर घरी नेले आणि स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून तपासले. बहुतेक मुलं पास झाली होती, काही तर चांगली झाली होती. चौघं मात्र राहिली. त्यांत भुंगा होती. भागाकार तिनं सगळे अचूक केले होते, पण शेकडेवारीत आणि ऋण संख्यांत ती पुरती कोलमडली होती. बाईंनी तिचा पेपर पुन्हा तपासला. गुण तेवढेच आले.

निरोपाच्या सभेला पालक आले. संस्थेची माणसंही पुढच्या रांगेत बसली होती. सरांनी पडद्यावर आलेख दाखवला, खालून वर गेलेली जाड निळी रेघ. "एकही मूल नापास नाही," ते म्हणाले, आणि टाळ्या पडल्या. भुंगा टाळ्या वाजवत नव्हती. शेजारी तिची आई मात्र हात दुखेस्तोवर वाजवत होती.

बाई उठल्या. बोलायचं ठरवून आल्या नव्हत्या, पण आता गप्प बसणं त्यांना जमेना.

"हा आलेख खोटा आहे," त्या म्हणाल्या. "पहिला पेपर नववीचा होता आणि शेवटचा चौथीचा. मी मुलांना सातवीचा पेपर दिला. या मुलांना अर्धं वर्ष शिक्षकच नव्हता, तरी त्यांतली बरीच जणं त्यात पास झाली. ती शाबासकी खरी आहे. चौघं राहिलीत. त्यांना अजून शिकवावं लागेल."

सभागृहात कुजबूज सुरू झाली. सर उठून काही बोलणार, तोच भुंगा उभी राहिली.

"त्या चौघांत मी आहे का, बाई?"

बाईंना वाटलं, ओठ शिवून टाकावेत. सगळे त्यांच्याकडे बघत होते. पण पहिल्या दिवशी त्यांनी या मुलीला एकदा खोटं पाडलं होतं. आता तिच्याशी खोटं बोलणं त्यांच्या जिवावर आलं.

"हो," त्या म्हणाल्या.

भुंगा खाली बसली. पुढच्या गोंधळाकडे तिचं लक्ष नव्हतं. सरांनी गैरसमज, गैरसमज म्हणत सभा गुंडाळली.

बाहेर जिन्यापाशी भुंगाच्या आईनं बाईंना गाठलं. 

"तुमचं आणि त्या सरांचं काय असेल ते तुम्ही खोलीत भांडा. माझ्या पोरीला चारचौघांत उभं का केलंत? आज ती पहिल्यांदा नवा फ्रॉक घालून शाळेत आली होती."

"तिनं विचारलं म्हणून—"

"ती लहान आहे. तुम्ही मोठ्या ना?"

 बाईंचा सगळा राग होता तिथंच होता, पण आता त्यातला थोडा त्यांच्याकडेच तोंड करून उभा होता.

"चुकलं माझं," त्या म्हणाल्या. "जे बोलले ते खरं होतं. पण जागा चुकली. तिला माझ्या घरी पाठवा, रोज संध्याकाळी. चौघांनाही बोलावते आहे. शाळा उघडल्यावरही शिकवीन."

 मुलीचा हात धरून आई जिना उतरून गेली.

पुढं व्हायचं ते झालं. सगळी मुलं आठवीत गेली, कारण सरांना आता शब्द फिरवता येईना. संस्थेनं पुन्हा मदत केली नाही. नवीन वेळापत्रकात बाईंच्या नावापुढं गणित नव्हतं, चित्रकला आणि ग्रंथालय होतं. बाईंनी लेखी विचारणा केली, तिला उत्तर आलं नाही. त्यांनी दुसरी केली, मग तिसरी. शिक्षकांच्या खोलीत त्या शिरल्या की गप्पा थांबायच्या. एक-दोघी एकट्या भेटल्या की त्यांचा हात दाबायच्या, पण सगळ्यांसमोर मान वळवायच्या. बाई त्यांच्यावरही चिडल्या.

घरी मात्र तिघं मुलं येऊ लागली. चौथी खुर्ची रिकामी असायची. बाई ती उचलत नव्हत्या.

शाळा सुरू होऊन महिना झाला असेल. एका संध्याकाळी दार वाजलं. भुंगा आणि तिची आई उभ्या होत्या. आई कामावरून तशीच आली होती, हात पाण्यानं पांढरे पडलेले.

"हिनं हट्ट धरला, म्हणून आणलं," आई म्हणाली. "माझा राग गेलेला नाही."

"माझाही," बाई म्हणाल्या. "आत या."

आई क्षणभर उंबऱ्यातच घुटमळली. मग तिनं चपला काढल्या.