देवाच्या फळीवरून

नेमबाईंचे नेम दोन. पहाटे देवाच्या फळीवरचा दिवा लावल्याशिवाय पाण्याचा घोट घ्यायचा नाही, हा पहिला. दुपारचे बारा वाजेपर्यंत कुणाचा म्हणून दोष काढायचा नाही, हा दुसरा. पहिला त्यांना कधी जड गेला नाही. दुसऱ्यानं मात्र जीव मेटाकुटीला यायचा, कारण नजर तीक्ष्ण, आणि लोक नेमक्या सकाळीच जास्त चुका करतात. मग बारा वाजले की साठलेलं सगळं आवाज न चढवता, एकेक करून बाहेर यायचं. इमारतीतल्या लोकांनी त्यांना हे नाव ठेवलं ते काही उगीच नव्हे.

घरात माणसं तीनच. नेमबाई, चष्म्याच्या दुकानात काचा घासणारा लेक आणि सून. सून छापखान्यासाठी घरबसल्या साबणाच्या वेष्टनांवरची फुलं काढून द्यायची. खिडकीशी तिची तिवई, तिवईवर चित्राची चौकट, आणि समोरच्या भिंतीला, म्हणजे बरोबर तिच्या पाठीशी, देवाची फळी. उजेड त्या एकाच खिडकीतून यायचा, त्यामुळे दुसरीकडे बसायची सोयच नव्हती. हे नेमबाईंना कळत होतं. तरी बारानंतर एखाद्या शेजारणीशी बोलताना त्या म्हणायच्याच, "दिवसभर देवाकडे पाठ करून बसते आमची चितारीण."

चितारीण हा शब्द त्या अशा काही उच्चारायच्या की ऐकणाऱ्याला तो चिमटा वाटावा. सून ऐकायची आणि गुलाबाच्या पाकळीला आणखी एक छटा द्यायची.

फुलं पोटासाठी होती. मनातलं वेगळंच होतं. तिला भक्ती रंगवायची होती, एका चित्रात नव्हे, चित्रांच्या मालिकेत. सुरुवात तिनं देवांच्या चेहऱ्यांपासून केली. मागे तेजाचं वलय, अर्धोन्मीलित डोळे, ओठांवर हसू. पहिलं चित्र तिनं सासूला दाखवलं ते सकाळी. एवढी हुशारी तिच्यात होती. नेमबाईंनी चित्र पाहिलं, मान हलवली आणि भाजी चिरायला घेतली. बाराचा ठोका पडल्यावर म्हणाल्या, "चेहरा सुरेख आहे. साबणाच्या वेष्टनावर शोभेल."

सुनेनं चित्र उचलून भिंतीशी उलटं ठेवलं. रात्री नवऱ्याला म्हणाली, "आई बरोबर बोलल्या, हेच जास्त लागलं." दुसऱ्या दिवशी तिनं देवांच्या सगळ्या चेहऱ्यांवर पांढरा रंग फिरवला. पुढे बरेच दिवस तिवईवर फक्त फुलं होती. नेमबाईंना चुटपुट लागली. आपण जरा सबुरीनं घ्यायला हवं होतं असं त्यांना वाटलं, पण बोललेलं मागे घ्यायचा नेम त्यांनी कधी केलेला नव्हता.

मग तळमजल्यावरच्या शिंप्याकडची देवाची फळी निखळली. शिंप्याला उंचावर चढलं की गरगरायचं, म्हणून त्यानं सुनेला हाक मारली. ती स्टुलावर चढली, खिळा ठोकला, फळी नीट बसली का ते बघायला भिंतीला गाल टेकवला आणि सहज खाली पाहिलं. शिंपी तोंडात टाचण्या धरून वर बघत होता. गळ्यात मापाची पट्टी, कपाळावर आठ्या, टाचण्यांमुळे धड बोलताही येईना.

"हलू नका," सून म्हणाली.

"फयी पयतेय का?" शिंप्यानं टाचण्यांतून विचारलं.

"फळी नाही पडत. देवाला तुम्ही रोज कसे दिसता ते बघतेय."

त्या दिवशी ती घरी आली ती एका कानाला भिंतीचा पांढरा रंग लावूनच. तिनं छापखान्याची फुलं बाजूला सारली आणि शिंप्याला रंगवलं, वरून, देवाच्या जागेवरून. चित्रात देव कुठेच नव्हता. होता तो मान वर केलेला, तोंडात टाचण्या धरलेला एक माणूस, आणि त्याच्या पायाशी चिंध्यांचा ढीग.

नेमबाईंनी ते चित्र सकाळी पाहिलं. बारा वाजले. एक वाजला. सून वाट बघत राहिली. नेमबाईंनी विचारलं, "चहा टाकतेस का?"

झालं. सुनेला वाट सापडली. मग ती घराघरांत जाऊ लागली. कुणाच्या फळीवर मूर्ती होती, कुणाच्या तसबीर, कुणाच्या कापडात गुंडाळलेली पोथी, तर कुणाच्या नुसती मेणबत्ती. न्हाव्यानं तर आरशावरच्या फळीवर बापाचा जुना वस्तरा ठेवलेला. त्याला त्याचा देव तोच. ती स्टुलावर चढायची, फळीशी गाल टेकवायची आणि तिथून दिसेल ते कागदावर उतरवायची. न्हाव्याच्या फळीवरून पांढऱ्या कापडात गुंडाळलेल्या गिऱ्हाइकांची टकलं दिसली. परिचारिकेच्या खोलीत, बूट न काढता पलंगावर आडवी झालेली ती आणि तिचा हवेत राहिलेला एक पाय. तिसऱ्या मजल्यावरच्या विधुर मास्तरांकडे टेबलावर दोन कप, त्यातला एक पालथा.

"मास्तर काय म्हणाले?" लेकानं विचारलं.

"म्हणाले, दुसरा कप उचलायचा राहून गेला होता, तो पुसून टाक चित्रातून. मग माझ्यामागे जिन्यापर्यंत आले आणि म्हणाले, राहू दे."

सुनेच्या कानाला पांढरं दिसलं की नेमबाई समजायच्या, आज काम झालं. ओल्या फडक्यानं त्या स्वतः तिचा कान पुसून द्यायच्या. चित्रांबद्दल मात्र चकार शब्द नाही. सकाळी त्या मान हलवायच्या, पण सकाळच्या मान हलवण्याला काय अर्थ? त्या वेळी त्यांनी वाईट म्हणायचंच नव्हतं. सुनेला हवा होता बारानंतरचा एक शब्द. चांगला असो, वाईट असो, खरा. तो मिळेना.

चित्रं बघायला एक दिवस मोठ्या रस्त्यावरच्या चित्रदालनाच्या बाई आल्या. बराच वेळ खोलीत फिरल्या आणि म्हणाल्या, "माझी मोठी भिंत देते तुम्हाला. फक्त मधोमध एक चित्र कमी पडतंय. जिथून हे सगळं सुरू होतं, असं काहीतरी."

सून म्हणाली, "बघते." आणि तिथेच अडकून पडली. प्रदर्शन तोंडावर आलं तरी मधलं चित्र कोरंच.

इकडे जिन्यात शिंप्यानं नेमबाईंना गाठलं. छाती फुगवून म्हणाला, "काकू, मी भिंतीवर लागणार. न्हावी लागणार, मास्तर लागणार. त्यात तुमचं घर कुठं आहे?"

नेमबाई काही बोलल्या नाहीत. अजून बारा वाजायचे होते. पण जिना चढताना त्यांना धाप लागली, आणि ती पायऱ्यांमुळे नव्हती.

जेवणं झाल्यावर त्यांनी सुनेला समोर बसवलं. लेकाला सुट्टी होती. तो वर्तमानपत्रामागे दडला.

"साऱ्या गल्लीतले देव बघून आलीस," नेमबाई म्हणाल्या. "आपल्या घरातला तेवढा राहिला. आमचा देव काय वाटेवर पडलाय?"

"तसं नाही, आई."

"मग कसं?"

सुनेनं पदराशी चाळा केला. "फळी अरुंद आहे. गाल टेकवायचा तर दिवा हलवायला लागेल. तुम्ही लग्न होऊन आलात तेव्हापासून तो जागचा हललेला नाही, असं तुम्हीच सांगता. कुठल्या तोंडानं विचारू?"

नेमबाईंनी दिव्याकडे पाहिलं. घराघरांत परवानगी मागणारी ही पोर आपल्यालाच घाबरली होती.

"आणि दुसरं म्हणजे," सून हळूच म्हणाली, "काढू काय? या खोलीत दिवसभर मीच असते. मी फळीपाशी गेले की खिडकीशी नसते. दिसणार ती नुसती रिकामी तिवई."

नेमबाई उठल्या. फळीपाशी गेल्या, हात जोडले आणि दोन्ही हातांत दिवा उचलून खाली पाटावर ठेवला. फळीवर, दिव्याच्या बुडाएवढं, लाकडाचं मूळचं पिवळं वर्तुळ उघडं पडलं.

वर्तमानपत्र खाली आलं. "आई? तुझा नेम?"

"दिवा लावायचा माझा नेम आहे. तो हलवायचा नाही, हे माझं खूळ होतं. ऊठ, स्टूल धर माझं." मग सुनेकडे वळून म्हणाल्या, "तू बस तुझ्या जागी. काम कर रोजच्यासारखं. मी बघते."

"आई, पडशील," लेक म्हणाला.

"तू धरलंयस ना? मग पडले तर तुझ्यावरच पडेन."

त्या चढल्या. गाल भिंतीला टेकवला. भिंत गार होती. सून तिवईपुढे बसली, ब्रश हातात घेतला, पण तिचे खांदे ताठले होते.

"सैल बस. परीक्षा नाही चाललेली." थोडा वेळ गेला आणि ब्रश चालू लागला.

"काय दिसतंय?" सुनेनं मान न वळवता विचारलं.

"पाठ."

"आणखी?"

नेमबाईंनी डोळे बारीक केले. "केस वर बांधलेस, त्यात एक ब्रश खोचलायस आणि तोच शोधत असतेस नेहमी. मानेवर हिरवा डाग. उजवा खांदा डाव्यापेक्षा खाली. आणि खांद्यावरून..."

त्या थांबल्या. लेकानं स्टूल घट्ट धरलं.

"खांद्यावरून काय, आई?"

"चित्र दिसतं," नेमबाई म्हणाल्या. "सगळं दिसतं. तुझ्या हातातला रंगसुद्धा. तू देवाकडे तोंड करून बसली असतीस तर चौकटीची मागची बाजू दिसली असती नुसती. खिळे आणि लाकूड."

खिडकीबाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं.

"म्हणजे इतकी वर्षं," नेमबाई हळूहळू म्हणाल्या, "तुझं प्रत्येक चित्र आमच्याआधी देवानं पाहिलंय. तुझ्या खांद्यावरून. ती साबणाची फुलंसुद्धा. आणि मी आपली शेजारणींना भलतंच सांगत सुटले होते."

सुनेनं मागे वळून पाहिलं. सासूच्या कानाला, गालाला, भुवईला भिंतीचा पांढरा रंग लागला होता. ती हसली, मग तिचे डोळे भरले, मग पुन्हा हसली.

"वळू नकोस," नेमबाई म्हणाल्या. "अजून खालचं सांगायचं राहिलंय."

पुढचे दिवस लेकानं दुकानातून रजा काढली, आणि स्टूल धरून धरून त्याचे हात दुखले. नेमबाई वरून सांगायच्या, सून रंगवायची. सकाळी सांगणं गोड असायचं. बारानंतर मात्र, "खांदा अजून खाली. ही पाठ तुझी नाही, ही कुणातरी आरामात बसणाऱ्या बाईची आहे." सून पुसायची, पुन्हा काढायची. तिला इतकं सुख पूर्वी कधी झालं नव्हतं.

चित्रातल्या त्या पाठीच्या पलीकडे, खांद्यावरून दिसणाऱ्या चौकटीत काय काढायचं, हे तिनं कुणाला विचारलं नाही आणि दाखवलंही नाही. चित्र झाकूनच दालनात गेलं.

प्रदर्शनाच्या सकाळी दालन भरून गेलं. शिंपी स्वतःच्या चित्राशेजारी उभा राहून येणाऱ्या प्रत्येकाकडे बघत होता. ओळख पटावी म्हणून त्यानं दोन टाचण्याही तोंडात धरल्या होत्या. मास्तर आपल्या चित्रापुढे बराच वेळ उभे होते. मधोमध ते चित्र होतं. वाकलेली पाठ, केसांतला ब्रश, मानेवरचा हिरवा डाग. आणि खांद्यावरून दिसणाऱ्या छोट्या चौकटीत, नुकत्याच लावलेल्या दिव्याच्या उजेडात उजळलेला एक म्हातारा चेहरा, अगदी जवळून. डोळे मिटलेले, ओठ अजून पाण्यावाचून कोरडे. रोज पहाटे फळीवरून दिसतो तो, नेमबाईंचा.

दालनाच्या बाई नेमबाईंपाशी आल्या. "कसं वाटलं?"

"छान आहे," नेमबाई म्हणाल्या. "पण खरं विचारायचं असेल तर बारानंतर विचारा."

बाईंना काही उमगलं नाही. सुनेला उमगलं. ती खांबाशी उभी राहिली आणि घड्याळाकडे बघत राहिली.

बारा वाजून गेल्यावर नेमबाई चित्रासमोर आल्या. हात पाठीमागे बांधून त्यांनी ते वरपासून खालपर्यंत पाहिलं. जवळ गेल्या, मागे आल्या, मान तिरकी केली. भाजीवाल्यानंसुद्धा धास्ती घ्यावी, अशी ती नजर.

"एक खोट आहे," नेमबाई म्हणाल्या.

"कोणती?"

"दोन बोटं खाली टांगलंय. लोकांचे खांदे घासतील."

सून बघतच राहिली. "आणि चित्रात?"

"चित्रात शोधली. नाही सापडली." त्यांचा आवाज नेहमीसारखाच, न चढलेला. "मला सापडली नाही म्हणजे नाहीच."

सुनेनं सासूचा हात धरला. तेवढ्यात एक अनोळखी बाई चित्रापाशी थांबली आणि नेमबाईंना विचारू लागली, "ही पाठमोरी कोण हो?"

"आमची चितारीण," नेमबाई म्हणाल्या. शब्द तोच होता. पण या वेळी त्यांनी तो साऱ्या दालनाला ऐकू जाईल असा म्हटला, आणि लेकानं नंतर घरी शपथेवर सांगितलं की आईच्या अंगावर तेव्हा मूठभर नव्हे, चांगलं ओंजळभर मांस चढलं होतं.

मग चित्रासमोरच्या बाकावर त्या बसल्या, सून देवाकडे करायची तशीच चित्राकडे पाठ करून, येणाऱ्या माणसांकडे तोंड करून. संध्याकाळी दालन बंद होईपर्यंत उठल्या नाहीत.