नारिंगी अश्रू

महाराजांच्या हॉलमध्ये मुंगीला शिरायला जागा नव्हती. पहिल्या रांगेत बसलेल्या शाळेच्या मास्तरांनी डोळे टिपले, रुमाल उंच धरला, आणि त्यावरचा नारिंगी डाग पाहून सगळ्यांनी हात जोडले.

"रोग बाहेर पडतोय!" महाराज गरजले. "डॉक्टर रोग तपासतात, आम्ही रोगाला रडवून काढतो!"

मागे भिंतीला टेकलेली बाई इस्पितळाच्या धुलाईघरात कामाला होती. डाग ओळखण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. शेजारी तिची नणंद खोकत होती; घरात तिला सगळे चिमणी म्हणत. चार महिने ती महाराजांचं चिमूटभर चूर्ण मधातून चाटत होती. आधी खोकला खरंच ओसरला, आणि आता रक्त पडू लागलं होतं.

"वहिनी, रंग येतोय ना, म्हणजे गुण येतोय."

"आणि रक्ताचं काय गं?"

चिमणीने रुमाल मुठीत लपवला. वहिनीने पिशवीतून इस्पितळातला, धुऊनही नारिंगी डाग राहिलेला अभ्रा काढला आणि तरातरा पुढे गेली.

"महाराज, हे डाग कुणाचे?"

"आमच्याच भक्ताचे!"

"तो माणूस तुमच्या दारात कधी आलेला नाही. टी.बी.च्या वॉर्डात कॅप्सूल घेतो. त्या औषधाने अश्रू, लघवी, सगळंच नारिंगी होतं. डाग काही केल्या जात नाही."

महाराजांच्या तोंडचं पाणी पळालं. मास्तरांनी चूर्णाची डबी उचलली आणि थेट प्रयोगशाळा गाठली. चूर्णात तेच औषध निघालं.

"औषध खरं होतं, तिथंच घात झाला," चिमणीचा टी.बी.चा रिपोर्ट पाहून डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "ते इतर औषधांबरोबर, पुऱ्या मात्रेत, महिनोन्‌महिने घ्यायचं असतं. एकटं, चिमूटभर दिलं की लेचेपेचे जंतू मरतात आणि चिवट तेवढे उरून वाढतात. हिच्या जंतूंना आता ते बाधत नाही."

"मग आता हो?" वहिनीने विचारलं.

"दुसरी औषधं आहेत. बरी होऊ शकेल. पण ती जड आहेत. डोळे, नसा सारख्या तपासाव्या लागतील."

चिमणी रडू लागली. चूर्ण थांबून आठवडा झाला होता, अश्रू बिनरंगी होते. वहिनीने ते पदराने पुसले, पण तिला चिमणीकडे बघवेना. तसाच नारिंगी डाग तिने चिमणीच्या उशीवर तीन महिन्यांपूर्वीच पाहिला होता, ओळखलाही होता. घरात वाद नको म्हणून तोंड मिटून बसली होती.

हल्ली ती दिसेल त्याला सांगते, "चूर्णात काय आहे, किती आहे, ते विचारा. जो सांगत नाही, त्याच्या हातचं काही खाऊ नका. आणि शंका आली की त्याच दिवशी विचारा. मी विचारलं नाही."